राखाडी वारा

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूमला चार खिडक्या. त्यांतल्या वायव्येकडच्या खिडकीची फळी पुसायला बंदी होती. चौकटीवर खडूनं 'काम चालू आहे' एवढंच लिहिलेलं असे. काय काम, कुणाचं काम, हे नव्या शिपायाला कळायला मार्ग नव्हता. तो फडकं घेऊन पुढे सरकला, की कोपऱ्यात पेपर तपासत बसलेल्या गायकवाड मॅडम उठून मध्ये उभ्या राहत.

"बाबा रे, होळीपासूनचा वारा आहे तो. पुसतोस काय?"

मी केमिस्ट्रीचा. माझा सगळा धंदा धुण्याचा. एक परीक्षानळी नीट धुतली नाही तर दिवसभराची मेहनत वाया जाते. त्यामुळे हाताला वस्तू लागली की ती नळाखाली धरायची, ही सवय माझ्या अंगात मुरलेली. मॅडम भूगोलाच्या, आणि भूगोलातही धुळीच्या. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती. ती माझ्या बाजूनं पांढरी होती. त्यांच्या बाजूचा रंग कुणाला आठवत नव्हता.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी पुष्कळ टाळलं. का टाळलं, तेही सांगणार आहे, पण ते त्याच्या जागी येईल. आधी मॅडम.

मी रुजू झालो त्या दिवशी प्राचार्य मला स्टाफरूम दाखवायला घेऊन गेले, तेव्हा मॅडम खुर्चीवर उभ्या होत्या. कपाटाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, ते सरळ तोंडात घातलं आणि पुढच्या दातांनी काहीतरी चावल्यासारखं केलं. डोळे मिटलेले. मग एकदम खाली उतरल्या.

"ह्या आमच्या गायकवाड मॅडम. घाबरू नका," प्राचार्य म्हणाले.

"म्हात्रेसर ना? या, चाखा."

"काय?"

"धूळ. गंमत बघा. दातांत कचकचली, की समजायचं जवळची आहे, नाहीतर आणणारा वारा दांडगा होता. लांबून दमत आलेल्या वाऱ्याजवळ फक्त पीठ उरतं. जड कण वाटेतच गळतात. ही कचकचते. चाखा तर खरी."

मी चाखली नाही. धुळीला हातही न लावता रुमालानं हात तेवढे पुसले. त्या हसल्या, आणि तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'स्वच्छ माणूस' झालो.

बुटक्या, काटक, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, खांद्याला झोळी. झोळीत चिकटपट्टीची रिळं, काचपट्ट्यांची डबी, रिकाम्या फिल्मच्या डब्या. रस्त्यानं चालताना मान वर. भिवंडीत मान वर करून चालणं म्हणजे गटारात पाय घालणं, पण त्यांना सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांच्या, चिमण्या बघायच्या असत. चिमणीचा धूर कुठे वाकतोय ते बघून दिवस ठरायचा. "आज पूर्व. लवकर फिरणार." दुपारी खाडीकडून वारा फिरला, की वर्गातलं शिकवणं अर्धवट टाकून खिडकीशी जायच्या आणि सगळा वर्ग त्यांच्यामागे. परीक्षेला पोर्शन कधी पूर्ण झाला नाही. पोरं मात्र दुसऱ्यांचे तास चुकवून त्यांच्या तासाला बसत आणि पाठीमागे त्यांना 'धूळमॅडम' म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं. हजेरी घेताना एकदा म्हणाल्या, "धूळमॅडम आल्यात, दार लावून घ्या."

वडील एसटीत वाहक. ड्युटीवरून येऊन विहारात जायचे, परत आले की ताटावर बसायच्या आधी लेकीला विचारायचे, "आज काय तपासलंस?" काय शिकलीस नाही, काय तपासलंस. "कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, हे आमच्याकडं जेवणाआधी वाढायचे," असं त्या सांगत. ह्या एका वाक्यानं पुढे माझी झोप उडवली.

शहरातल्या धुळीचा अभ्यास त्यांनी इक्बालशेठच्या कारखान्याच्या गच्चीवर मांडला होता. खाली पॉवरलूमचा असा खडखडाट, की वर गच्चीतही ओरडूनच बोलावं लागे. मॅडमनी तिथं चार पराती नेल्या, त्यांत काचेच्या गोट्या भरल्या आणि चार कोपऱ्यांत ठेवल्या. मी एक परात धरून होतो. माझी मदत अशी धरण्याउचलण्याचीच.

शेठ बराच वेळ बघत राहिले. "मैडम, ये कंचे खेलेगा कौन?"

"हवा खेलेगी, शेठ. हम सिर्फ देखेंगे कौन जीता."

युक्ती साधी होती. वाऱ्यानं आणलेली धूळ गोट्यांच्या फटींत शिरते आणि तिथं गेली की पुढच्या वाऱ्याला ती उचलता येत नाही. महिन्याअखेर परात धुवायची, पाणी आटवायचं, मागं उरेल तो त्या महिन्याचा वारा. मला परात धुवायला मिळे ते एवढंच, आणि तेही त्यांच्या देखरेखीखाली.

थंडीच्या दिवसांत एकदा त्या काचपट्टी हातात घेऊन जिना उतरल्या. "शेठ, आप के पूरब में कोई हरा रंग निकाल रहा है. पोपटासारखा. मागच्या महिन्यात नव्हता."

शेठच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. पूर्वेला त्यांच्या चुलतभावाचा कारखाना. त्यानं नव्या मालाची गोष्ट घरातसुद्धा लपवली होती, पण सकाळच्या पूर्वेच्या वाऱ्यानं त्याच्या कापडाचे हिरवे तंतू परातीत आणून टाकले होते. शेठ म्हणाले, "मैडम, आपको तो पुलिस में होना था. कॉलेज में टाइम खोटी कर रहे हो." ह्यानंतर आसपासच्या सगळ्या मालकांनी मॅडमना गच्ची द्यायची तयारी दाखवली. हेतू निराळा होता, पण मॅडमनी गच्च्या घेतल्या.

हे सगळं आजच्या वाऱ्याचं. त्यांना हवा होता जुना वारा, शंभर पावसाळ्यांपूर्वीचा, कुणी लिहून न ठेवलेला. तो त्यांना मिळाला दिघाशीला, त्यांच्या आजोळी.

गावाबाहेर एक जुनं तळं होतं. नदीनाला काही मिळत नसलेलं, नुसतं पावसाचं. मॅडम लहानपणी त्यात पोहल्या होत्या आणि तळाचा चिखल पायाला कधी मऊ, कधी खरखरीत लागायचा हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यावरून त्यांनी जे ओळखलं ते मला स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगितलं. सांगताना पोळीचे तुकडे एकावर एक रचत होत्या.

"पावसाळ्यात तळ्यात काळा गाळ बसतो. बरोबर? पुढं आठ महिने वाऱ्याची धूळ. उन्हाळ्यात वायव्येकडून पार वाळवंटापासची पिवळी धूळ येते, आकाश पांढुरकं होतं बघा, ती. आणि पेरणीच्या आधी आमचे लोक राब जाळतात, शेत भाजतात. त्याची काजळी उडून वर बसते. काळा गाळ, पिवळी धूळ, काजळी. झालं एक वर्ष. पुन्हा गाळ. सर, तळ्याच्या तळाशी वाऱ्याचं कॅलेंडर पडलंय. ज्या वर्षी पिवळा थर जाड, त्या वर्षी वायव्येचा वारा दांडगा. पातळ, तर मरगळलेला. बस्स, पाइप ठोकायचा आणि वाचायचं."

ह्यावर त्यांना पीएचडीचा प्रबंध लिहायचा होता. आयुष्यात दुसरं काही मिळवायचं त्यांच्या मनात असल्याचं मला तरी दिसलं नाही.

पण तळ्याची जागा गोदामासाठी विकली गेली. भरावाचे डंपर लागणार असं कळलं, आणि आम्ही दोघं भर उन्हात दिघाशीला गेलो. तळं आटून मध्यभागी चिखल उरला होता. मॅडमनी साडी खोचली आणि पीव्हीसीचा पाइप उभा धरून ओंडक्यानं ठोकायला सुरुवात केली. त्यांची मावशी काठावर बसून बघत होती.

"अगो बाय, चिखलात गावतंय तरी काय तुला?"

"वारा, मावशी."

"वारा वर असतंय. खाली चिखलच हाय."

"वरचा वारा खालीच येऊन झोपतो."

मावशी माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी तरी शिकलेले हाव ना? मग तिला सांगत का न्हाय?"

पाइप वर निघाला तेव्हा मॅडमनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. नुसत्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. ठोकताना पाइपला मधोमध एक चीर गेली होती. त्यांनी झोळीतून कारखान्यातली चिंधी काढली आणि चिरेभोवती आवळून बांधली. दोन्ही तोंडांना टोपणं. दुसरा पाइप ठोकायला त्या मागे थांबणार होत्या, म्हणून पहिला माझ्या हवाली केला. "उभा न्या, सर. तान्ह्या पोरासारखा."

दुसरा पाइप काही निघाला नाही. ठोकता ठोकता वाकला, आणि तेवढ्यात डंपर आले. आता माझ्या हातात होता तो एकच.

मी मिळेल त्या वाहनानं पडघ्याला आलो. तिथून भिवंडीला निघालेला एक टेम्पो मिळाला, पण त्यात कोऱ्या कापडाची थानं होती. ड्रायव्हरनं माझ्याकडे आणि पाइपाकडे बघितलं. "साहब, ग्रे माल है. कीचड़ का एक दाग लगा तो शेठ मेरे को धो डालेगा. पहले इसको धो."

धो. मला तेवढंच पुरलं. हायवेच्या कडेला पंक्चरवाल्यापाशी एक नळ होता, शेजारी बांधकामासाठी ओतलेल्या, खडी फोडणाऱ्या क्रशरच्या भुकटीचा ढीग. मी पाइप नळाखाली धरला. चिंधी चिखलानं माखलेली होती, ती सोडली. नुसत्या पाण्यानं चिखल निघेना, म्हणून मूठभर भुकटी घेऊन, गावाकडे राखेनं भांडी घासतात तसा पाइप घासला. लख्ख झाला. चिंधी पिळली, परत बांधली. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी करवतीनं पाइप उभा चिरला आणि दोन फाका उघडल्या. आणि खरंच होतं सगळं. काळा, पिवळा, काजळी. काळा, पिवळा, काजळी. वरच्या भागात लाल-निळे तंतू, म्हणजे लूम आल्यानंतरची वर्षं. त्याखाली तंतू संपलेले, फक्त शेतं आणि वारा. मॅडम मोठ्यानं वाचत सुटल्या. "हा जाड. हा बघा, हापण जाड. सलग तीन वर्षं वायव्य पेटलेली. मग हे बारीक. थांबा, थांबा, थांबा. हे काय?"

मधोमध, काळ्या गाळाच्या फटीत, नखाएवढा जाड, एकसारखा राखाडी थर होता.

माझ्या नखांत ती भुकटी अजून होती.

त्यांनी एक कण दातांखाली घेतला. "केवढी कचकचते." मग सूक्ष्मदर्शकाखाली. "सर, कण टोकदार आहेत. लांबून आलेला कण झिजून गुळगुळीत होतो. हा कालच फुटल्यासारखा आहे." आणि मग, त्या तपासणाऱ्या बाई असल्यामुळे, त्यांनी नेमकं विचारलं. "चीर इथंच होती. बाहेरून तर काही गेलं नसेल? तुम्ही सोबत होतात. चिंधी कुठं सुटली होती का?"

"नाही," मी म्हणालो.

केमिस्ट्रीचा माणूस नमुना धुऊन आणतो, ह्याची लाज वाटली. उद्या सांगू असं वाटलं. उद्यापर्यंत मॅडमनी त्या थराचं नाव ठेवलं होतं. राखाडी वारा.

तंतूंच्या खूप खाली, म्हणजे क्रशर वगैरे यायच्या कितीतरी आधीचा. टोकदार, म्हणजे जवळचा. काळ्या दगडाचा, म्हणजे पूर्वेच्या डोंगरांकडचा. इतकी धूळ टाकणारा पूर्वेचा वारा ह्या भागात कुणाच्या ऐकिवात नव्हता. मॅडमच्या डोळ्यांपुढे एक अख्खं वादळ उभं राहिलं, आणि त्या वादळाच्या प्रेमात पडल्या. दर वर्षी नव्या वर्गाला त्या वादळाची गोष्ट सांगायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. बाक वाजायचे, पोरं प्रश्न विचारायची. मी माझ्या बाजूला नळ सोडून ठेवायचो.

सुट्टी लागली की दुसरं तळं. कशेळीच्या बाजूला, पडघ्याच्या आतल्या गावांत. गाळ, धूळ, काजळी सगळीकडे मिळालं, दिघाशीशी जुळलंही. राखाडी थर कुठंच नाही. मी प्रत्येक वेळी सोबत गेलो, पाइप वाहिले, एकही धुतला नाही. मॅडमना वाटे, केवढा हा जिवाला जीव देणारा माणूस.

मी दोनतीनदा म्हणालो, "मॅडम, तो थर वगळून प्रबंध देऊन टाका ना."

"एक थर समजला नाही म्हणून झाकायचा? मग बाकीच्यांवर कुणी का विश्वास ठेवावा? सापडेल हो. इतकं मोठं वादळ एका तळ्यावर येऊन जातं का?"

गाइड निवृत्त झाले. नोंदणीची मुदत वाढली, पुन्हा वाढली. प्रबंध कपाटात. यंदा मॅडमच निवृत्त झाल्या.

निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं तर पुन्हा तेच वादळ, आणि सभागृह पुन्हा हललं. त्याच संध्याकाळी त्या नाशिकला बहिणीकडे राहायला निघायच्या होत्या, सामान आधीच गेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर मला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथं कॉलेजची गोट्यांची परात होती.

"ही आता तुमची. तुमच्या हातात दिलेली वस्तू जशीच्या तशी राहते, सर. हे मी एवढ्या वर्षांत तपासलंय."

तो शब्द नसता वापरला तर कदाचित मी परात घेऊन खाली उतरलो असतो.

मी सांगितलं. टेम्पो, थानं, नळ, भुकटी, चिंधी, सगळं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

शाल खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी ओढली नाही. सायझिंगच्या चिमण्यांकडे बघत राहिल्या. "माझं वादळ गेलं की हो," अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तर हात वर करून मला थांबवलं. माझ्याकडे वळल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढत होतं.

"थांबा, थांबा, थांबा. म्हणजे तो थर काढला, की मधे काहीच आडवं येत नाही. सगळी तळी जुळतात. सर, सगळी जुळतात! कुठला नळ?"

"मॅडम, मला तुमची माफी—"

"तुमचं काय करायचं ते मी नंतर बघेन. आधी नळ दाखवा."

त्या म्हणाल्या म्हणून मानायचं नव्हतं, मी म्हणालो म्हणूनही नव्हतं. तपासायचं होतं. मी स्कूटर काढली. मॅडम मागे बसल्या, झोळी, शाल, नारळ सगळं सांभाळत, आणि पडघ्यापर्यंत माझ्या कानात ओरडून प्रबंध लिहीत होत्या. पहिलं प्रकरण, दुसरं, कुठला थर कुठल्या तळ्याशी. ट्रक जवळून जात होते, निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी त्यांचं चालूच.

पंक्चरवाला गेला होता, त्याच्या जागी टायरचं मोठं दुकान होतं. नळ मात्र तिथंच होता. भुकटीचा ढीगही होता. नवा असणार, पण पडघ्याला गोदामं बांधायची कधी थांबली नाहीत आणि भुकटी त्याच खाणीची, असं दुकानदारानं सांगितलं. मॅडमनी शाल जमिनीवर टाकली, तीवर उकिडव्या बसल्या. चिमूट उचलली, दातांखाली घेतली, डोळे मिटले.

"हीच," म्हणाल्या. "उद्या सूक्ष्मदर्शकाखाली बघीनच, पण हीच."

दुसरी चिमूट त्यांनी माझ्यापुढे धरली. "घ्या. तुमचा वारा आहे."

मी घेतली. दातांत कचकचली. दुकानदार आमच्याकडे बघत उभा होता, आणि मॅडम, रडत होत्या की हसत होत्या कोण जाणे, पुडी बांधत होत्या.

पुढे त्यांचा एक फोटो आला फोनवर. शेजारी शेजारी दोन कण, दोन्ही टोकदार, दोन्ही राखाडी. खाली एक अक्षर नव्हतं. माझं काय करायचं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. प्रबंध दिल्याचं मात्र ऐकलं. परात माझ्याकडे आहे, मी तिला हात लावत नाही.

पण मॅडम म्हटलं की मला तो फोटो आठवत नाही. त्या संध्याकाळी नाशिकची बस पडघ्यालाच मिळाली. नारळ नळापाशी विसरला होता, तो मी धावत जाऊन द्यायला लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या हो, पुडी सांभाळू की नारळ?" खिडकीशी बसल्या. हायवेची धूळ उठत होती, पुढच्यामागच्या सगळ्या उतारूंनी भराभर काचा ओढून घेतल्या. मॅडमनी त्यांची उघडीच ठेवली. बस हलली. त्यांचा हात बाहेर आला, खिडकीच्या पत्र्यावरून एक बोट लांबपर्यंत फिरलं आणि आत गेलं. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेलेच होते, आणि जबडा हलत होता.